नाव एकाचे, रचना दोघांची

जॅझमधील वाद्यवृंद बहुधा एका वादकाच्या नावाने ओळखला जातो आणि त्याच्या सहकाऱ्यांची गणना मग साथीदारांत होते. अमेरिकन कीबोर्डवादक लाइल मेझ (१९५३-२०२०) यांच्या वाट्याला हेच आले. गिटारवादक पॅट मेथिनी यांच्याबरोबर त्यांनी जवळजवळ तीन दशके संगीत रचले. परंतु १९७७ साली उभा राहिलेला तो वाद्यवृंद 'पॅट मेथिनी ग्रुप' याच नावाने प्रसिद्धी पावला. मेझ यांना साथीदार म्हणणे म्हणजे त्यांच्या कार्याला उणेपणा आणणे होय, असे आमचे मत आहे.

विस्कॉन्सिन राज्यातील वॉसॉकी या लहानशा गावचे हे रहिवासी. आई पियानो व ऑर्गन वाजवीत असे. ट्रक चालविणारे वडील नुसते ऐकून गिटार शिकले होते. चौदाव्या वर्षी मेझ चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागले. ऑर्गनवादकाला स्वर दीर्घकाळ धरून गाणाऱ्यांना आधार द्यावा लागतो. पुढे सिंथेसायझरवर मेझ यांनी जे विस्तीर्ण स्वरपट उभे केले, त्यांचे बीज या संस्कारात असावे, असे आम्हांस वाटते.

१९८१ ची 'अ‍ॅज फॉल्स विचिटा, सो फॉल्स विचिटा फॉल्स' ही ध्वनिमुद्रिका आमच्या म्हणण्याची साक्ष देते. तिच्यावर मेथिनी व मेझ ही दोन्ही नावे बरोबरीने छापलेली आहेत. वीस मिनिटांहून दीर्घ अशी शीर्षकरचना तबकडीची एक बाजू व्यापते, आणि तीत गिटारचे एकलवादन जवळजवळ नाहीच. गर्दीचा कोलाहल, ऑर्गनचे गंभीर स्वर आणि नाना व्हास्कोन्सेलोस यांची तालवाद्ये यांतून ती सावकाश आकार घेते. याच मुद्रिकेतील 'सप्टेंबर फिफ्टीन्थ' ही रचना १५ सप्टेंबर १९८० रोजी निधन पावलेले पियानोवादक बिल इव्हान्स यांना अर्पण केलेली आहे. तेथे गिटार आणि पियानो एकमेकांचे ऐकत बोलतात; कोण पुढे, कोण मागे, हा प्रश्नच उरत नाही.

सिंथेसायझरच्या मुलायम आवरणामुळे या संगीताची धार बोथट झाली, असा आक्षेप घेतला जातो. ऐंशीच्या दशकातील काही रचनांपुरता तो आम्हांसही मान्य आहे. परंतु २००५ ची 'द वे अप' ऐकावी. दोघांनी मिळून रचलेली ही अडुसष्ट मिनिटांची एकच सलग कृती आहे. एवढा पल्ला केवळ गोड नादावर पेलता येत नाही. त्यासाठी वास्तुशिल्पीची दृष्टी लागते. ग्रुपची ही अखेरची ध्वनिमुद्रिका ठरली.

१० फेब्रुवारी २०२० रोजी मेझ निवर्तले. जर्मन बासवादक एबरहार्ड वेबर यांच्या गौरवार्थ त्यांनी रचलेली 'एबरहार्ड' ही सुमारे तेरा मिनिटांची कृती २०२१ मध्ये प्रकाशित झाली आणि २०२२ मध्ये तिला वाद्यसंगीत-रचनेचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. येथे मेथिनी नाहीत. तरीही ती संथ चढण, तो स्वरांचा विस्तार श्रोत्याला तत्काळ ओळखू येतो. ग्रुपच्या संगीतात मेझ यांचा वाटा किती होता, याचे उत्तर आमच्या मते या तेरा मिनिटांत आहे. रसिकांनी प्रथम ही कृती ऐकावी आणि मग जुन्या ध्वनिमुद्रिकांकडे वळावे; त्या निराळ्या ऐकू येतील.