यंत्राचं ‘सापडलं नाही’ आणि कुमारिलांचा घडा

ग्रंथालयाच्या सेवा बदलत्या वाचकाला पुरतात का, हे आम्ही एका शब्दावर तपासू.

समजा, काटोलची एक विद्यार्थिनी आहे. ग्रंथालयात यायचं म्हणजे तिचा दिवस जातो. ती घरी मोबाइलवर एक जुना मराठी प्रबंध उघडते आणि त्यात ‘ग्राम’ शब्द शोधते. शब्द पडद्यावर समोर दिसतोय, पण यंत्र म्हणतं, सापडला नाही! कारण साधं आहे. प्रबंध कृतिदेव फॉन्टमध्ये टंकलेला. त्यात ‘ग्राम’ म्हणजे यंत्राच्या लेखी एक्स, झेड, के, ई ही चार रोमन अक्षरं. युनिकोडमधला ‘ग्राम’ त्याला कसा जुळणार? स्कॅन केलेल्या पानांचं तर विचारूच नका, ती नुसती छायाचित्रं.

कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी हे प्रमाण मानलं. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तो नाही हे कळतं. पण अट आहे बरं का: असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून तो नाही, असं म्हणता येत नाही. आमची शोधयंत्रणा अंधारात उभी राहून ‘नाही’ सांगते, आणि पोरगी विश्वास ठेवते. या विषयावर काम झालेलंच नाही, असं लिहून मोकळी होते.

अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी प्रबंध शोधगंगेवर आणले, हे मोठंच काम. पण फाइल जमा होणं वेगळं, ती वाचकाला सापडणं वेगळं. २०२४मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी मंजूर झाले. सुमारे तेरा हजार नियतकालिकं, बहुतेक इंग्रजी. भौतिकशास्त्राच्या संशोधकाला ती हवीतच, आमची तक्रार नाही. मात्र जुने मराठी प्रबंध युनिकोडमध्ये आणायला याच्या तुलनेत किरकोळ पैसा लागेल. फॉन्ट बदलणारी साधनं फुकट मिळतात. जोडाक्षरं तपासायला तेवढी मराठी जाणणारी माणसं हवीत. सूचीतही ग्रामगीतेची नोंद देवनागरीत हवी, शिवाय रोमनमधली दोन्ही स्पेलिंगं. वाचकाचा वेळ वाचवण्याचा नियम रंगनाथनांनी १९३१मध्येच घालून दिला होता. तुकडोजी महाराजांचं नाव लावणाऱ्या विद्यापीठानं सुरुवात इथूनच करावी, आणि नवा प्रबंध युनिकोडशिवाय स्वीकारू नये.