सुवर्णमध्य आणि मध्यम मार्ग : ॲरिस्टॉटलच्या सद्गुणविचाराची चिकित्सा

भगवान बुद्धांच्या मध्यम मार्गाचे विवेचन करताना ॲरिस्टॉटलच्या 'सुवर्णमध्या'चा दाखला देण्याची प्रथा आपल्याकडे रूढ झाली आहे. व्याख्यानांतून व परीक्षोपयोगी पुस्तकांतून ही दोन्ही मते एकाच पंक्तीस बसविली जातात आणि पूर्व व पश्चिम यांचे एकमत झाल्याच्या समाधानात विषय संपतो. हे साम्य कोठवर टिकते आणि कोठे तुटते, हे ॲरिस्टॉटलच्या 'निकोमाकीय नीतिशास्त्र' व 'राज्यशास्त्र' या ग्रंथांच्या आधारे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम साम्याचा विचार करू. आपण ज्याला 'सद्गुण' म्हणतो त्यासाठी ग्रीक शब्द आहे 'अरेते'. त्याचा मूळ अर्थ उत्कृष्टता असा आहे. सुरीची अरेते तिच्या धारेत, घोड्याची त्याच्या वेगात. माणसाचे विशेष कार्य विवेकानुसार जगणे हे असल्यामुळे ते कार्य आयुष्यभर उत्तम रीतीने पार पाडणे म्हणजेच 'युडायमोनिया'. या शब्दाचे 'सुख' असे भाषांतर अपुरे ठरते. 'सुजीवन' हा शब्द अधिक जवळचा आहे. वीणा वाजवून माणूस वादक होतो, त्याप्रमाणे न्याय्य कृत्ये करीत राहूनच तो न्यायी होतो, असे ॲरिस्टॉटल सांगतो. पालि परंपरेतील 'कुसल' हा शब्द येथे आठवल्यावाचून राहत नाही. 'अट्ठसालिनी' या अट्ठकथेत कुसल शब्दाच्या अर्थांत आरोग्य, निर्दोषता व कौशल्य यांचा समावेश केलेला आहे. कर्माचे मूळ चेतनेत आहे हे बुद्धवचन आणि सद्गुणाचे मूळ विचारपूर्वक केलेल्या निवडीत आहे हे ॲरिस्टॉटलचे मत, यांतही जवळीक आहे. सदाचार हा देवाचा प्रसाद नव्हे व यज्ञाचे फळही नव्हे, तो अभ्यासाने अंगी बाणवावा लागतो, याविषयी दोघांत मतभेद नाही.

मात्र 'मध्य' या कल्पनेपाशी सावध राहिले पाहिजे. 'सुवर्ण' हे विशेषण मुळात ॲरिस्टॉटलचे नाही. ते रोमन कवी होरेसचे आहे. ॲरिस्टॉटलच्या मते भित्रेपणा आणि अविचारी साहस यांच्यामध्ये शौर्य असते, उधळेपणा आणि कंजूषपणा यांच्यामध्ये औदार्य असते. हा मध्य व्यक्तिसापेक्ष आहे. मिलो या मल्लाला जे अन्न कमी पडेल ते नवशिक्याला जास्त होईल. म्हणून योग्य प्रमाण विवेकी पुरुषाने ठरवावयाचे. धम्मचक्कप्पवत्तन सुत्तातील मध्यम मार्ग हा असा प्रमाणाचा हिशेब नाही. तेथे कामसुख आणि आत्मक्लेश ही दोन टोके त्यागावयाची आहेत, कारण त्यांतील कोणतेही दुःखाच्या निरोधाकडे नेत नाही. मार्ग आहे तो सम्यक् दृष्टीपासून सम्यक् समाधीपर्यंतचा. त्यात थोडा भोग व थोडा क्लेश यांचे मिश्रण नाही. खून, चोरी आणि व्यभिचार यांना मध्य नसतो, ती कृत्ये मुळातच वाईट असतात, हे ॲरिस्टॉटलही मान्य करतो. याचा अर्थ असा की, जेथे त्याचा मध्याचा सिद्धांत थांबतो तेथेच तो पंचशीलाच्या सर्वांत जवळ येतो. रूढ तुलनेत नेमकी हीच गोष्ट सुटून जाते.

तथापि खरा भेद याहून खोल आहे. सुजीवन म्हणजे काय, या प्रश्नाबरोबर ते कोणाचे, हाही प्रश्न विचारला पाहिजे. नीतिशास्त्राच्या दहाव्या खंडात ॲरिस्टॉटल सांगतो की, दासाला युडायमोनियात वाटा असतो असे कोणीही मानीत नाही. 'राज्यशास्त्रा'त तो म्हणतो की, दासाजवळ विचार करून ठरविण्याची शक्तीच नसते. स्त्रीजवळ ती असते, पण तिला अधिकार नसतो. कारागिराचे वा मजुराचे जीवन जगणाऱ्यास सद्गुणाची साधना करता येत नाही, कारण त्यासाठी फुरसत हवी.

किनवटसारख्या तालुक्यात हा प्रश्न केवळ ग्रंथालयापुरता राहत नाही. पैनगंगेच्या खोऱ्यातील या डोंगराळ भागात गोंड, कोलाम, बंजारा व बौद्ध समाजांतील अनेक कुटुंबे मजुरीवर जगतात. हंगामात ऊसतोडीसाठी गाव सोडतात. ॲरिस्टॉटलच्या कसोटीने यांच्यापर्यंत सद्गुणाचा अधिकार पोहोचतच नाही. वर्षावासात दिवसभराची मजुरी आटोपून विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन ऐकावयास बसणारी स्त्री मात्र शीलाच्या आचरणास आपण अपात्र आहोत असे मानीत नाही. आणि तिने तसे मानावे याला धम्मात आधारही नाही. अनाथपिंडिकाच्या घरची पाणी वाहणारी दासी पुण्णिका हिची वाणी थेरीगाथेत आहे. स्नानाने पाप धुतले जाते असे मानणाऱ्या ब्राह्मणाला ती तर्काने निरुत्तर करते. विचारशक्ती नसलेल्या दासीचे हे लक्षण नव्हे.

या वादाचे उत्तर मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात आहे, आणि तेही ग्रीकांच्याच उदाहरणाने दिलेले आहे. योन म्हणजे यवन आणि कंबोज यांच्या देशांत आर्य आणि दास असे दोनच वर्ण असतात, आणि तेथे आर्याचा दास होतो व दासाचा आर्य होतो, याकडे तथागत अस्सलायनाचे लक्ष वेधतात. जन्मसिद्ध श्रेष्ठत्वाचा दावा खोडण्यासाठी केलेला हा युक्तिवाद 'निसर्गतः दास' या कल्पनेलाही तेवढाच लागू पडतो. युद्धात पकडलेला प्रत्येक जण निसर्गतः दास नसतो, हे ॲरिस्टॉटलला ठाऊक होते; परंतु खरा निसर्गतः दास ओळखावा कसा, याची खात्रीची खूण तो देऊ शकला नाही. उलट, सर्व दासांपुढे स्वातंत्र्याचे बक्षीस ठेवावे असे तोच सुचवितो. जो उद्या स्वतंत्र होण्यास पात्र आहे तो निसर्गाने दास कसा, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

ॲरिस्टॉटलला न्याय द्यावयाचा तर हेही नोंदविले पाहिजे की, दासाशी दास म्हणून मैत्री होत नाही, पण माणूस म्हणून होऊ शकते, असे त्याने लिहिले आहे. पुढे स्टोइक परंपरेत एपिक्टेटस हा पूर्वाश्रमीचा दासच नीतीचा आचार्य झाला. आपल्या बाजूचीही चिकित्सा टाळता येत नाही. दासाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम विनयपिटकात आहे. मालकाच्या हक्कापुढे संघाने केलेली ही तडजोडच होती. पण त्या नियमाने दासाला शीलाच्या अयोग्य ठरविले नाही. व्यवहारातील तडजोड आणि तत्त्वातील बहिष्कार यांत अंतर आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात हे अंतर अचूक हेरले. चोरांच्या टोळीतही आपसांत नीती असते, जातीतही असते. पण ती गटाच्या हितापुरतीच असते. म्हणून नीती पवित्र आणि सार्वत्रिक असली पाहिजे, असे ते प्रतिपादन करतात. या कसोटीवर ॲरिस्टॉटलची नीती सूक्ष्म असूनही एका गटाचीच राहते.

म्हणून ग्रीक विचार टाकून द्यावा असे मात्र नाही. कंदाहार येथे १९५८ साली सापडलेल्या सम्राट अशोकाच्या द्वैभाषिक लेखात धम्माला 'युसेबिया' म्हटले आहे आणि असंयमासाठी 'अक्रासिया' हा शब्द आला आहे. ॲरिस्टॉटलच्या सातव्या खंडात ज्याची दीर्घ चर्चा आहे तोच हा शब्द. कार्ले, जुन्नर व नाशिक येथील लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत स्थापन केलेले महाविद्यालय आज मिलिंद या यवन राजाच्या नावाने ओळखले जाते, आणि त्याचा परिसर नागसेनाच्या. राजा म्हणून वाद घालणार असाल तर बोलणार नाही, पंडित म्हणून घालणार असाल तर बोलेन, ही अट नागसेनाने मिलिंदाला घातली होती. ॲरिस्टॉटलचे वाचनही याच अटीवर व्हावे. सद्गुण सवयीने कसा घडतो, हे त्याच्यापासून अवश्य शिकावे; तो कोणाला साध्य आहे, हे ठरविण्याचा अधिकार मात्र त्याला देऊ नये.