पाय नसलेला पियानो

ग्रँड पियानो तीन पायांवर उभा असतो. विलायतेहून आलेल्या पायपेटीचे पाय काढून आपण तिला बैठकीवर बसायला शिकवले आणि ती आपल्या घरची पेटी झाली. हा जो विजेवरचा पियानो आहे, तो मात्र ना घरचा ना घाटचा. बहुतेक वेळा तो पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतो आणि पायांचे तुमचे तुम्ही बघा म्हणतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर कर्जदार हजर, जामीनदार बेपत्ता!

आमच्या कन्येसाठी आम्ही असा एक घेतला. ८८ पट्ट्यांचा, सव्वा मीटरहून लांब, वजन अकरा-बारा किलो. एवढा खर्च झाल्यावर स्टँडमध्ये काटकसर करणे कॉमर्सच्या पदवीधराला शोभून दिसते, म्हणून दुकानातला सर्वांत स्वस्त स्टँड उचलला. आकार इंग्रजी एक्सचा, म्हणजे आपली फुली. 'फुली केलीय तिथे सही करा' असे म्हणण्यात आमची वीस वर्षे गेली. फुली पाहून मला अगदी घरच्यासारखे वाटले.

पण फुलीवर सही करणे वेगळे आणि पियानो ठेवणे वेगळे. ती उंच केली की वरचे दोन हात जवळ येतात, पियानोची दोन्ही टोके अधांतरी राहतात आणि शेवटची पट्टी दाबली की बागेतला सी-सॉ सुरू. खाली केली तर हात ऐसपैस पसरतात, पण मधला सांधा नेमका वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर येतो. मग गुडघे मागे, स्टूल मागे, पाठ वाकलेली आणि हात उधारी वसूल करायला निघाल्यासारखे लांब. आता न्यायाने बोलायचे तर लग्नाच्या आर्केस्ट्रात उभ्याने वाजवणाऱ्याला हीच फुली सोयीची. कार्यक्रम संपला की मिटवली आणि टेंपोत टाकली. पण आमचे घर म्हणजे काही टेंपो नव्हे.

महिनाभरात कन्या म्हणाली, "बाबा, मनगट दुखतं." मी म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं!" दुसऱ्या महिन्यात तिने वाजवणेच बंद केले. तेव्हा मी वक्तशीरपणावर एक भाषणही दिले, ते आता आठवले की कसेसेच होते.

मधल्या काळात पियानो जेवणाच्या टेबलावर ठेवून पाहिला. पोळ्या कुठे वाढायच्या, हा सौभाग्यवतींचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हिशेब जुळेना. खऱ्या पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७२-७३ सेंटिमीटरवर असतात. जेवणाचे टेबलच ७५ चे. त्यावर पियानोची स्वतःची जाडी. पोरीचे खांदे कानाला लागले.

शेवटी तिच्या बाई घरी आल्या. त्यांनी पियानोकडे पाहिलेच नाही, आधी हिला बसवली आणि कोपराखाली टेप धरली. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जमिनीला समांतर हवा, म्हणाल्या. म्हणजे स्टँडचा माथा साठ सेंटिमीटरच्या आसपास, वर पियानोची जाडी, उरलेले स्टूलने सांभाळायचे. मग हळूच, "तिच्या मनगटाचं काही नाही हो, स्टँडचं आहे."

दुकानात पुन्हा गेलो. लाकडी स्टँड दिसायला देखणा, खोलीत खरा पियानो असल्यासारखे वाटते. पण तो त्याच मॉडेलच्या मापाचा असतो, स्क्रूने कायमचा जोडायचा आणि उंची ठरलेली; पियानो बदलला की स्टँड विधुर. आम्ही झेडच्या आकाराचा घेतला. त्याचे पाय दोन बाजूंना, मध्ये गुडघ्यांना मोकळे मैदान, उंची आणि रुंदी दोन्ही हलवता येतात. जड आहे, मिटवायला कटकटीचा आहे, आणि फुलीत वाचवलेले सगळे पैसे त्याने व्याजासकट वसूल केले. पण टोकाची पट्टी कितीही जोरात दाबा, हूं की चूं नाही.

पहिल्या दिवशी कन्या सलग चाळीस मिनिटे वाजवत बसली. माझ्याकडे तिने एकदाही पाहिले नाही, आणि ते बरेच झाले.

फुली सध्या गच्चीत आहे. तिच्यावर फळी टाकून सौ. कुरडया वाळवते.