उंबरखिंडीची वाट : काव्याची साक्ष व पायांची साक्ष

सह्याद्रीच्या घाटवाटा पायीं चालून इतिहास पडताळण्याचा प्रघात अलीकडे पुष्कळ वाढला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु आजची पाऊलवाट तीच जुनी लष्करी वाट, असा निर्णय जो झटपट दिला जातो, तो मात्र तपासून घेतला पाहिजे. त्यासाठीं उंबरखिंडीचें उदाहरण येथें घेतलें आहे.

शाएस्तेखानानें कोंकणांत धाडलेल्या कारतलबखानास शिवाजीमहाराजांनीं इ. स. १६६१ च्या फेब्रुवारींत या खिंडींत कोंडलें व खंडणी घेऊन सोडून दिलें. या प्रसंगाचें विस्तृत समकालीन वर्णन कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त आहे. कै. सदाशिव महादेव दिवेकर यांनीं हें काव्य १९२७ सालीं प्रसिद्ध केलें. आजचे पदयात्री लोणावळ्याजवळील कुरवंडे गांवाहून, नागफणीचा कडा जवळ ठेवून, दीड हजार फुटांहून अधिक उतरतात व चावणी गांवाच्या बाजूस अंबा नदीच्या खोऱ्यांत येतात. अरुंद वाट, दाट रान आणि सैन्याची कोंडी हें काव्यांतील वर्णन येथें पटतें. तेव्हां वाट निश्चित झाली, असें ते म्हणतात.

हा तर्क अपुरा आहे. परमानंद हा समकालीन खरा, पण तो महाकाव्य रचीत होता, मजलांची यादी लिहीत नव्हता. काशींतील पंडितांना कथा सांगण्याची त्याची योजना आहे. रायबागनीच्या तोंडचें भाषण म्हणजे काव्यांतील पात्राचें भाषण. तें दप्तरांतील टिपण नव्हे. त्याचें अरण्यवर्णन सह्याद्रीच्या दुसऱ्या एखाद्या घाटासही लागू पडेल. ‘शिवभारत’ प्रसंगाचें स्वरूप सांगतें. वळणें व उतार ठरविण्यास तें पुरेसें नाहीं.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांस निराळें सांगावयास नको कीं, एकच पोथी वाचून मूळ पाठ ठरवितां येत नाहीं. वाटांनाही पाठभेद असतात. दरड कोसळते, झरा आटतो, शेत वाढतें आणि वाट सरकते. शिवाय १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता व १८६३ सालीं लोहमार्ग झाल्यावर रहदारी तिकडे वळली. शेजारच्या उतारवाटांवर गुराखी व मोळीवाले उरले. ज्या वाटेनें मोळी उतरते, त्या वाटेनें घोडीं, उंट व सामान उतरेलच असें नाहीं.

मग पायीं चालणें व्यर्थ आहे काय? मुळींच नाहीं. अमुक उतारानें लादलेलें जनावर जाऊं शकत नाहीं, अमुक ठिकाणीं माघांत पाणी मिळत नाहीं, हें पायच सांगतील. पण ही साक्ष मुख्यतः खंडनाची आहे. वाट शक्य आहे एवढें तिनें सिद्ध होतें. सैन्य तेथूनच गेलें, हें होत नाहीं.

म्हणून दोन कामें हातीं घ्यावींत. संग्राहकांनीं आपल्या रुमालांतील जकातीचे, चौक्यांचे व घाटपांड्यांचे कागद या दृष्टीनें चाळावेत. चालणारांनीं वाटेवरील पाणवठे, टेपाडें व खिंडी यांचीं नांवें गांवच्या वृद्धांकडून ऐकतील तशींच टिपून घ्यावींत. नवे फलक लागले कीं जुनीं नांवें मागें पडतात, आणि मग तो पुरावा कोणत्याही दप्तरांत सांपडत नाहीं. तोंवर नकाशावर ही रेघ ओढतांना तिच्यापुढें ‘संभाव्य’ हा शब्द अवश्य लिहावा.