पेटींत राहिलेलें वाङ्मय

लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध होणारें लेखन रसिकतेपेक्षां करुणेनेंच वाचण्याचा प्रघात आहे. कॅथलीन कॉलिन्स या अमेरिकन कृष्णवर्णीय लेखिकेच्या वाङ्मयास ह्या करुणेची मुळींच गरज नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कॉलिन्सबाई १९४२ सालीं जर्सी सिटी येथें जन्मल्या व १९८८ सालीं, अवघ्या ४६ व्या वर्षीं, कर्करोगानें निवर्तल्या. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजांत त्या चित्रपटकला शिकवीत. त्यांनीं दिग्दर्शित केलेला 'लूझिंग ग्राउंड' (१९८२) हा चित्रपट त्यांच्या हयातींत चित्रगृहांत लागलाच नाहीं. कथा तर पेटींतच राहिल्या. कन्या नीना यांनीं ते कागद जपले, म्हणून २०१६ सालीं कथासंग्रह आणि २०१९ सालीं 'नोट्स फ्रॉम अ ब्लॅक वुमन्स डायरी' हें संकलन निघालें.

ही उपेक्षा कां झाली? आम्हांस वाटतें, कृष्णवर्णीयांच्या लेखनांत दैन्य आणि आक्रोश शोधणाऱ्यांना येथें प्राध्यापक, चित्रकार व सुशिक्षित कुटुंबें भेटतात. 'लूझिंग ग्राउंड'ची नायिका तत्त्वज्ञान शिकविते. परमानंदाचा अनुभव ती ग्रंथांत शोधीत असते. चित्रकार पति तोच आनंद रंगांत व परस्त्रीच्या सहवासांत सहज लुटतो. हें दुःख केवळ वर्णाचें नव्हे, बुद्धिमान स्त्रीच्या एकाकीपणाचें आहे. वर्णभेदाचें भान मात्र सुटलेलें नाहीं: १९६३ च्या वातावरणांतील शीर्षककथेंत समतेच्या चळवळीनें जागविलेल्या आशेकडे लेखिका काहींशा उपरोधानें पाहते.

रचनेचें कौशल्यहि विलक्षण आहे. 'एक्स्टीरियर्स' ह्या कथेंत दांपत्याच्या प्रेमाचा ऱ्हास प्रकाशयोजनेच्या सूचनांतून सांगितला आहे. दिवे मंदावतात तसतसा संसार विझत जातो. 'द ब्रदर्स' ह्या नाटकांत ते भाऊ रंगभूमीवर येतच नाहींत. त्यांची सारी हकिगत घरांतील बायकांच्या तोंडून कळते.

संकलनांत उणेंहि आहे. घडविलेली कथा आणि घाईनें टिपलेली रोजनिशी एकाच पंक्तीस बसविल्यानें वाचक कथेंतहि लेखिकेचें चरित्रच शोधूं लागतो. म्हणून आमची सूचना अशी कीं, कथा व नाटक आधीं वाचावें, रोजनिशी मागाहून. नाहीं तर दुर्दैवी बाई तेवढी लक्षांत राहील आणि कलावती पुन्हां पेटींत जाईल.