सप्रे गुरुजींचा शिष्य आणि सॅक्सोफोन

सी. रामचंद्रांचं नाव निघालं की इथे न्यू जर्सीतल्या मंडळींना ‘ईना मीना डीका’ आठवतं आणि आम्हा नागपूरकरांना शंकरराव सप्रे. पुणतांब्यात १९१८ साली जन्मलेल्या रामचंद्र नरहर चितळकरांनी नागपुरात सप्रे गुरुजींकडे गाण्याचे धडे घेतले. वसंतराव देशपांडे त्यांचे गुरुबंधू. एक शिष्य ‘कट्यार काळजात घुसली’ नाटकातला खाँसाहेब झाला, दुसऱ्याने हिंदी सिनेमाला रॉक अँड रोलवर नाचवलं. आहे की नाही बाप्पा मजा!

माझ्या मते रामचंद्रांचं, म्हणजे अण्णांचं, खरं काम ‘अलबेला’त (१९५१) आहे. शब्द राजेंद्र कृष्णांचे. चाली यांच्या, आणि नायक भगवानदादांच्या तोंडचा ‘चितळकर’ हा आवाजही यांचाच. साथीला मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक. त्यांतला ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट तर या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. बाहेरची चाल उचलायलाही अण्णा लाजले नाहीत. ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’ एडमंडो रॉसच्या लॅटिन गाण्यावरून आलंय, ते लपणारं नव्हतंच. पण त्याच ‘अलबेला’तली अंगाई ऐका. बोंगो आणि ट्रम्पेटच्या गलबल्यात ती पिलू रागाच्या अंगाने शांतपणे येते, आणि एवढी उडवाउडवी करणाऱ्या माणसाची बैठक कुठली ते कळतं.

न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळात गेली काही वर्षं ही गाणी उभी राहताहेत, ती कराओकेच्या ट्रॅकवर नाही. वाजवणारी पोट्टी इथल्या शाळांच्या जॅझ बँडमध्ये तयार झालेली. ठेका त्यांना शिकवावा लागत नाही. नोटेशन समोर ठेवलं की ‘शोला जो भडके’चे तुकडे पहिल्याच दमात वाजतात. अडतं ते अंगाईत. सॅक्सोफोनवाली मुलगी प्रत्येक सूर सुटा, स्वच्छ वाजवायची, आणि पेटीवरच्या काकू मान हलवायच्या. पेटीवर मींड निघत नाही, म्हणून काकूंनी ती गाऊन दाखवली. पोरीने जबडा जरा सैल सोडला, सूर खालून वर ओढून घेतला. तालीम थांबवून सगळ्यांनी तिच्याकडून तो पुन्हा वाजवून घेतला. जॅझवाले सूर असा वाकवतातच, हे तिनेच मग आम्हाला सांगितलं.

अण्णांनी जे मुंबईच्या स्टुडिओत केलं, ते ही मुलं उलट्या दिशेने करताहेत: जॅझ येतं, आता राग शिकायचाय. म्हणून मला यांचं कौतुक आहे. ‘आपली संस्कृती जपली’ वगैरे भाषणं करणाऱ्यांपेक्षा अंमळ जास्तच.

यंदा दिवाळीला ‘शहनाई’तलं ‘संडे के संडे’ बसवायचंय. ट्रम्पेट वाजवणारा मुलगा कॉलेजसाठी बोस्टनला गेला. कुणाच्या घरी ट्रम्पेट आणि तो फुंकायची हौस असलेलं पोट्टं असेल, तर तालमीला धाडा. वयाची अट नाही. शेजाऱ्यांची परवानगी मात्र तुम्हीच काढा.