‘वासूनाका’ : तरुणांच्या बंडखोरीचे स्वरूप व मर्यादा

साठोत्तरी मराठी कादंबरीत बंडखोर तरुणाच्या चित्रणाला विशेष महत्त्व आहे. १९६३ मध्ये भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आणि १९६५ मध्ये भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ प्रसिद्ध झाली. ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकरला परतण्यासाठी खानदेशातील गाव, घर व शेती आहे. ‘वासूनाका’तील पोक्या व त्याच्या मित्रांजवळ मात्र मुंबईतील वस्तीचा एक नाका तेवढा आहे. त्यामुळे या दोन बंडखोरींची जात वेगळी ठरते.

भाऊ पाध्ये (१९२६-१९९६) यांनी काही काळ कामगार चळवळीत काम केले होते. तरीही त्यांच्या या कादंबरीत संप, मोर्चा वा वर्गसंघर्षाची घोषणा नाही. मध्यमवर्गीय सभ्यतेचा दरारा झुगारणे, एवढेच या पोरांचे बंड होय. हे बंड कृतीपेक्षा भाषेत अधिक प्रकट होते. पोक्याच्या प्रथमपुरुषी निवेदनातील मुंबईची बोली, शिव्या आणि टवाळी यांतून निम्नवर्गीय तरुणाचे जग त्याच्याच शब्दांत साकारते. लेखक त्यावर प्रमाणभाषेचे पांघरूण घालत नाही वा उपदेशही करीत नाही.

नेमके हेच अनेकांना खटकले. आचार्य अत्रे यांनी कादंबरीवर कठोर टीका केली आणि चर्चा अश्लीलतेभोवती फिरत राहिली. परिणामी महत्त्वाचा प्रश्न बाजूला पडला : या बंडखोरीची किंमत कोण मोजते? नाक्यावरच्या पोरांना प्रतिष्ठितांची सत्ता जाचते, मात्र वस्तीतील मुलींवर तीच सत्ता गाजविताना त्यांना काही वावगे वाटत नाही. मुलगी त्यांच्या लेखी अनेकदा थट्टेचा वा शिकारीचा विषय असते. पोक्याच्या निवेदनात मधूनच जाणवणारी अस्वस्थता हे वास्तव उघड करते. पण ती त्याला टोळीपासून अलग होण्याइतके बळ देत नाही. कादंबरीचे सामर्थ्य आणि तिच्यातील बंडाची मर्यादा येथे एकत्र येतात.

बुलडाणा जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ (२००२) या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त कादंबरीच्या संदर्भात हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तिच्यातील एकनाथ उच्चशिक्षित आहे, परंतु पैसे भरता न आल्याने तो नोकरीपासून वंचित राहतो. त्याची कोंडी वऱ्हाडी बोलीतून व्यक्त होते. नाक्यावरचा पोक्या आणि शेतात अडकलेला एकनाथ यांचे जग भिन्न असले, तरी व्यवस्थेने दोघांनाही दाराबाहेर ठेवले आहे. एकनाथाच्या कोंडीची झळ त्याची पत्नी अलका हिलाही सोसावी लागते. मात्र येथे स्त्रीचा असंतोष स्वतंत्रपणे ऐकू येतो. ‘वासूनाका’त तो बव्हंशी पुरुषी निवेदनाआड राहतो.

म्हणूनच ‘वासूनाका’ अश्लील म्हणून वर्गाबाहेर ठेवणे जितके अयोग्य, तितकेच बंडखोर म्हणून तिचा निव्वळ गौरव करणेही अपुरे ठरते. ग्रामीण महाविद्यालयांतील बेरोजगारीच्या छायेत वावरणाऱ्या विद्यार्थ्याला पोक्याचा वैताग परका वाटणार नाही. त्या वैतागाची कारणे उलगडताना, तो दुबळ्यावर उतरतो तेव्हा त्याला बंड म्हणावे काय, हा प्रश्नही अध्यापकाने वर्गात मांडणे अगत्याचे आहे. कादंबरीचे आजचे मोल या दुहेरी वाचनातच आहे.